डावी किडनी

रविवार, ७ ऑक्टोबर

आज उपासनेनंतर कॉफीच्या टेबलाशी मी एक किडनी देऊन बसलो.

झालं असं. आमच्या ल्यूथरन मंडळीत दरवर्षी सेवापत्रं भरून घेतात. पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर रकाने: गायन, वेदीची स्वच्छता, आजाऱ्यांना भेटी, शिडीवरची कामं. ज्याला जी सेवा द्यायची असेल तिथे त्याने खूण करायची. मी वीस वर्षांचा जुना सभासद, खुणाबिणा करत बसत नाही. सगळ्यात खाली ‘इतर’ असा रकाना असतो, त्यात ठसठशीत अक्षरांत ‘जे लागेल ते’ असं लिहून मोकळा होतो. दिसायलाही बरं दिसतं. आजवर त्या तीन शब्दांपायी मला चार बल्ब आणि घंटेचा एक दोर बदलावा लागला, बस.

आज पाळकांनी जाहीर केलं की आपल्या ऑर्गनवाल्या मास्तरांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर जावं लागतं. जवळचं कोणी नाही. कोणाला पुढे यावंसं वाटलं तर घरी बोलून, शांतपणे विचार करून मला भेटा, असं ते म्हणाले. शांतपणे हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. पण कार्यालयातल्या ताईंना सगळ्यांची कार्डं तोंडपाठ. कॉफी ओतता ओतता त्या ओरडल्या, “अहो, यांनी लिहूनच दिलंय की! जे लागेल ते!”

चाळीस माणसं माझ्याकडे वळली. मी म्हणालो, “अर्थात.”

टाळ्या झाल्या. हिने कप टेबलावर ठेवला आणि कोट आणायला गेली.

सोमवार, ८ ऑक्टोबर

ही बोलत नाही. पुढच्या खोलीत शिलाई मशीन सकाळपासून धडधडतंय. लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देण्याचं हिचं काम, आणि राग आला की ती उसवून ठेवलेलं सगळं एका दिवसात शिवून टाकते.

संध्याकाळी एकदाची बोलली. “अहो, दात काढायला जाताना मला तुमचा हात धरून यावं लागतं.”

“ते वेगळं.”

“आणि मास्तर! गाणी रेंगाळत वाजवतात म्हणून पंचमंडळाला पत्र कोणी लिहिलं होतं?”

मीच लिहिलं होतं. त्यात खोटं काही नाही. त्यांच्या ऑर्गनच्या मी कायम एक शब्द पुढे असतो, आणि दरवेळी शेजारचे माझ्याकडे बघतात. पण लय आणि किडनी यांचा काय संबंध? असं मी म्हणालो तर ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

खरं लिहायचं तर काल टाळ्या वाजल्या तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

रक्त तपासलं. गट ओ. हा कोणालाही चालतो म्हणे. नर्सने आनंदाने सांगितलं, आणि मीही आनंद झाल्यासारखं केलं. मनात म्हणत होतो की गट जुळत नाही म्हटलं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती.

रविवार, १४ ऑक्टोबर

आज अर्पणाचं तबक फिरवायची पाळी माझी होती. प्रत्येक बाकाशी कोणीतरी दंडावर हात ठेवायचं. एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात इतका वेळ धरून ठेवला की तबक मागच्या बाकावर पोहोचेना.

आणखी एक गंमत. मास्तरांनी आज गाणी भराभर वाजवली! शेवटच्या गाण्याला तर मी मागे पडलो. पत्राचा परिणाम व्हायला दीड वर्ष लागलं, पण झाला. उपासना संपल्यावर ते बराच वेळ ऑर्गनच्या बाकावरच बसून होते, बूट अर्धवट काढून. पुढच्या रविवारची गाणी बघत असावेत.

बुधवार, १७ ऑक्टोबर

चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमवायची होती. कामावर सुट्टी मिळेना, म्हणून कॅन हत्यारांच्या पिशवीत घालून नेला. सात मजली दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टचं काम होतं. माझा जोडीदार स्पॅनर (आम्ही सगळे त्याला हेच म्हणतो) लिफ्ट ज्यांच्यावरून सरकते ते रूळ (गाईड रेल) पुसायला बसला आणि तेल म्हणून नेमका तोच कॅन उचलला. झाकण अर्धं फिरवलेलं असताना मी वरून जी आरोळी ठोकली, ती सातव्या मजल्यापर्यंत गेली.

दुपारभर तो हसत होता. मग जेवताना एकदम गंभीर झाला. “अरे, पण तू घाबरत नाहीस?”

“देणाऱ्याने घाबरून कसं चालेल?” मी म्हणालो. कुठून सुचलं देव जाणे. वाक्य चांगलं होतं, पण त्यानंतर मी डबा तसाच बंद करून ठेवला.

रविवार, २१ ऑक्टोबर

दुपारी मास्तरांच्या घरी गेलो. खरं म्हणजे ते आपल्याकडे येतील असं मला वाटत होतं. दोन आठवडे वाट पाहिली, मग म्हटलं आपणच मोठेपणा दाखवू.

एक खोली, खिडकीशी जुनी पायपेटी, तिच्यावर कागदांचे गठ्ठे. मला पाणी दिलं ते भरून. स्वतः एका औषधाच्या मापातून घोट घोट घेत होते, रेघा बघून. मी अर्धा ग्लास तसाच ठेवला तर त्याच्याकडे बघत राहिले.

“तुम्हाला मी फारसा आवडत नाही,” ते म्हणाले. “माझं वाजवणंही.”

“तसं काही नाही...”

“पत्राखाली सही होती. म्हणून सांगतो. मी तुमच्याकडे मागितलेलं नाही. उद्या तुम्ही नाही म्हणालात तर रविवारी मी नेहमीसारखाच वाजवीन. तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही.”

आभार नाहीत, डोळ्यांत पाणी नाही, निदान एखादा गोड शब्द तरी! माणूस शरीराचा तुकडा कापून द्यायला निघालाय आणि समोरून हे. घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, “चांगला दिसतोय माणूस.” हिचं मला कधीच कळत नाही.

रविवार, २८ ऑक्टोबर

धर्मसुधारणेचा रविवार, आम्हा ल्यूथरन लोकांचा वर्षातला मोठा दिवस. वेदीवर लाल कापड. पाळकांचा उपदेश नेहमीचाच, की तारण कृपेने मिळतं, आपल्या कर्मांनी नव्हे. वीस वर्षं ऐकतोय, पण आज मात्र बाकावर ताठ बसून ऐकला. आपल्या चांगुलपणाने देवाकडे काही जमा होत नाही. मग ही किडनी कशासाठी?

बाहेर पडताना मी पाळकांना बाजूला घेतलं आणि हे तात्त्विक अंगाने विचारलं. त्यांनी माझा हात धरला. “देवाला तुमची किडनी नको आहे हो. त्याचं काही अडलेलं नाही. मास्तरांचं अडलंय. आणि तुम्हाला द्यायची नसेल तर देव रागावणारही नाही. तेवढं मी खात्रीने सांगतो.”

म्हणजे देऊ की नको? धड काही सांगतच नाहीत. आठवडाभर माझा पाय एका जागी ठरत नाहीये. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतो. हिने आज दोनदा विचारलं, “काय शोधताय?”

शुक्रवार, २ नोव्हेंबर

जुळलं.

देणाऱ्यांसाठी वेगळ्या डॉक्टर असतात. त्या मास्तरांना ओळखतही नाहीत. सगळे कागद टेबलावर पसरून म्हणाल्या, “तुम्ही ठणठणीत आहात. डावी काढू.” मी खुर्चीवरून अर्धा उठलो. त्यांनी दार लावून घेतलं.

“आता नीट ऐका. शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणता येतं. तसं म्हणालात तर आम्ही सगळ्यांना एवढंच कळवतो की हे दाता म्हणून योग्य नाहीत. कारण कोणालाही सांगत नाही. तुमच्या घरीसुद्धा.”

“बायकोलाही?”

“तुम्ही सांगितलंत तरच.”

मी म्हणालो, छे छे, त्याची गरज नाही. दोन जिने उतरलो आणि मग आठवलं की लिफ्ट होती.

सोमवार, ५ नोव्हेंबर

सकाळी एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. खाली चार हात जागा, वर अख्खी लिफ्ट टांगलेली. सव्वीस वर्षांत कधी काही वाटलं नाही. आज वर बघितलं आणि मला शिडी चढता येईना. स्पॅनरने ओढून वर काढलं.

तिथूनच फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, “ठीक आहे. अगदी ठीक आहे.” एक प्रश्न विचारला नाही.

हिला सांगितलं, “रिपोर्टमध्ये काहीतरी निघालं. नाही चालणार म्हणाले.” हिच्या हातातली कात्री तशीच राहिली. “काय निघालं?” मी म्हणालो, आहे काहीतरी बारीकसारीक, नीटसं सांगत नाहीत.

दुपारी दोन ताटं जेवलो. महिनाभरात पहिल्यांदा अन्नाला चव लागली.

रविवार, ११ नोव्हेंबर

हे मी धरलंच नव्हतं.

आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत पाळकांनी मास्तरांचं नाव घेतलं आणि लगेच त्यांच्यापाठोपाठ माझं. सगळी मंडळी माना खाली घालून माझ्या प्रकृतीसाठी प्रार्थना करत होती. मीही मान खाली घातली, दुसरं काय करणार? अर्पणाच्या तबकाला हात लावला तर एकाने ते काढून घेतलं. “तुम्ही बसा हो.”

कॉफीच्या वेळी ताई रडल्या. देण्याची एवढी इच्छा आणि देवाने असं करावं, म्हणाल्या. तीन बायकांनी सूप दिलं, त्यातलं एक पितळी भांड्यातलं, अजून गरम. मास्तर लांबून मान हलवून गेले. फार खराब दिसत होते, चेहरा मातीसारखा. आज पुन्हा गाणी घाईघाईत वाजवली.

ही आता माझ्या जेवणात मीठ घालत नाही. किडनी बिघडली की मीठ वर्ज्य, असं कोणीतरी तिला सांगितलंय. म्हटलं घाल गं थोडं. तर म्हणाली, “मुकाट्याने खा.” पण रागाने नाही म्हणाली.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

ही सकाळी न सांगता बाहेर गेली. जाण्याआधी स्वयंपाकघरात उभी राहून पाण्यावर पाणी पीत होती, चार-पाच ग्लास. विचारलं तर म्हणाली, तहान लागली. दुपारी आली. कोणाकडे गेली होतीस? तर म्हणे, एका बाईंचं माप घ्यायला.

टेप घरीच खुंटीला लटकत होती.

मला वाटतं ती हॉस्पिटलात जाऊन माझी फाईल काढायच्या मागे आहे. ते सांगणार नाहीत, तसा शब्द दिलाय.

मंगळवार, २० नोव्हेंबर

आज हिच्या हाताला कोपराच्या आत छोटी चिकटपट्टी. सुई लागली म्हणाली. शिवताना सुई बोटाला लागते, कोपराला कशी लागेल? भांडण नको म्हणून मी पुढे विचारलं नाही. लेकीला फोनवर हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मी आत गेलो तर हवापाण्याच्या गप्पा सुरू.

मला एका जागी बसवत नाही. किडनी द्यायची होती तेव्हा निदान कशाची भीती वाटतेय ते माहीत होतं.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहितो.

संध्याकाळी कामावरून आलो. ही मशीनशी बसली होती, पण मशीन बंद. तिने एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

“हे बघा. रागावू नका.”

आत तपासणीचे कागद. मला वाटलं माझेच. नाव बघितलं तर हिचं.

“हॉस्पिटलच्या खिडकीवर मी तीनदा विचारलं. तुमच्याबद्दल कोणी काही सांगत नाही,” ती म्हणाली. “तुम्हीही सांगत नाही, म्हणजे मोठंच काहीतरी असणार. मग म्हटलं, आपण आपलं तयार राहावं. रक्त झालं, लघवी झाली, सोनोग्राफीपण झाली. दोन्ही चांगल्या आहेत. डावी जरा मोठी आहे म्हणे. आणि गट आपला एकच आहे. तुमची वेळ आली तर कोणाच्या दारात जायला नको.”

मी कागद परत पाकिटात घातले.

“मी घाबरणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हीही घाबरू नका.”

“मला काही झालेलं नाही,” मी म्हणालो.

“पुरे झालं आता. लहान मुलासारखं करू नका.”

“अगं, खरंच नाही. सगळे रिपोर्ट चांगले होते. मी घाबरलो. मीच फोन करून नाही म्हणालो.”

मला वाटलं हसेल, किंवा कात्री फेकेल. तिने बोटांवर काहीतरी मोजलं.

“सतरा दिवस,” ती म्हणाली. “सतरा दिवस मला वाटतंय की तुम्ही मरताय.”

आणि मग रडायला लागली. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, असं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं. मी हात पुढे केला तर झटकला. म्हणाली, “घाबरलात तर घाबरलात. मी पहिल्या दिवसापासून घाबरलेली आहे. ते मला सांगता येत नव्हतं का?”

मला लाज वाटते. याच्यापुढे आज काही लिहवत नाही.

शनिवार, २४ नोव्हेंबर

मास्तरांकडे गेलो. डायलिसिसवरून आलेले, पांघरूण घेऊन पडले होते. दारातच सगळं सांगून टाकलं, बसलो तर तोंडातून निघालं नसतं.

ते उठून बसले. “म्हणजे तुम्हाला काही झालेलं नाही? नक्की?”

“नक्की.”

“बरं झालं.” त्यांनी डोळे मिटले. “मला वाटत होतं, माझ्यामुळे तुमच्या घरात आजार सापडला.”

मी त्यांना विचारलं, रागावला नाहीत? तर म्हणाले, “मी रोज प्रार्थना करायचो की यांनी नाही म्हणावं. ती संपली की लगेच दुसरी, की हो म्हणावं. वरती गोंधळच उडाला असेल.”

मी म्हणालो, “लय तरी तुम्ही माझ्यासाठी वाढवलीत.”

“तुमच्यासाठी? पाय उचलत नाहीत हो. लवकर संपवतो, एवढंच.”

मग मी म्हणालो, मी पुन्हा गेलो तर? ते भिंतीकडे बघत म्हणाले, “गेलात तर मी आभार मानणार नाही. एकदा मानायला लागलो की मला थांबता यायचं नाही.”

रविवार, २५ नोव्हेंबर

उपासनेआधी पाळकांना सांगून आजाऱ्यांच्या यादीतून नाव काढलं. कॉफीच्या टेबलाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं की मी आजारी नाही आणि नव्हतो, घाबरलो होतो. या खेपेला टाळ्या वगैरे नाहीत. ताईंनी किटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, “मीच त्या दिवशी तुमचं कार्ड असं चव्हाट्यावर आणायला नको होतं.” एका बाईंनी पितळी भांडं परत मागितलं.

ही माझ्या शेजारी उभी होती. अजून माझ्याशी बोलत नाही. पण उभी होती.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन केला, पुन्हा यायचंय म्हणालो. इतक्या सहज परत घेत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, दोन आठवडे जाऊ द्या, बायकोला घेऊन या. कोणाचा दबाव आहे का, असं तिघांनी विचारलं. नाही म्हणालो. भीती आहे का विचारलं तेव्हा हो म्हणालो, खूप आहे. ते त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

हिने स्वतःचे कागद कपाटात नीट ठेवलेत. म्हणाली, “असू देत. तुमच्याजवळ एकच उरणार आहे.”

बुधवार, १२ डिसेंबर

उद्या सकाळी सात वाजता भरती व्हायचंय. काल-परवापासून घरात नुसत्या येरझाऱ्या. बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली.

दुपारी ही म्हणाली, “इकडे या. नंतर काही दिवस पोटावर घट्ट काही चालायचं नाही. सैल पायजमा शिवते. हात वर करा.”

मी हात वर करून उभा राहिलो. “कापणार कुठे?” तिने विचारलं. मी दाखवलं. तिने तिथे तळहात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

“दुखलं तर सांगाल ना मला?”

“सांगेन.”

“आणि भीती वाटली तर?”

“आत्ता वाटतेय,” मी म्हणालो.

“मलाही.” मग तिने कमरेभोवती टेप धरली, आकडा वाचून मोठ्याने सांगितला, लिहायला वळली, परत आली आणि पुन्हा मोजलं. तीस वर्षं लोकांची मापं घेतेय ही बाई. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.